माणसाचं मन बदलणारा महामानव



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा मंडळाची पोरं घरी आली आणि म्हणाली, काका, तुम्ही बाबासाहेबांवर लिहा. आम्ही मनात म्हटलं, बाबासाहेबांवर आता काय लिहायचं राहिलंय? महूचा जन्म, परदेशातलं शिक्षण, महाड, नाशिक, पुणे करार, राज्यघटना, नागपूर, हे सगळं वस्तीतलं पाचवीतलं पोरगंसुद्धा जयंतीच्या भाषणात घडाघडा म्हणतं. आम्ही पडलो गिरणी कामगार. शाळा लवकर सुटली. जे थोडंफार वाचलं ते पाळीवरून आल्यावर, घरातली माणसं झोपल्यावर. तेव्हा विद्वत्ता सांगण्याचा आमचा अधिकार नाही.

पण एक प्रश्न बरीच वर्षं आमच्या डोक्यात घोळतो आहे. माणूस स्वतःला कोण समजतो, आणि आयुष्यात त्याला काय मिळवावंसं वाटतं, हे त्याच्या मनात येतं कुठून? ते रक्तातून येतं, की ज्या रीतीरिवाजात, ज्या संस्कृतीत तो वाढतो तिथून येतं? आमच्या आजोबांना आयुष्यभर एवढंच वाटलं की गावकीची भाकरी वेळेवर मिळावी. आमच्या नातीला डॉक्टर व्हायचं आहे. रक्त तर एकच आहे. मग बदललं काय? हा प्रश्न हातात धरून आम्ही बाबासाहेबांचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं, तेव्हा पाठ असलेलं चरित्र नव्यानं समजायला लागलं. तेच इथे मांडतो.

गोणपाट आणि बैलगाडी

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार, आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापकही होते. घराणं कबीरपंथी. पहाटे भजन, मुलांच्या पाठांतराकडे वडिलांचं कडक लक्ष. म्हणजे घरात एक संस्कृती होती, जी मुलाला सांगत होती की तू शिकलास तर मोठा होशील. आणि उंबऱ्याबाहेर दुसरी संस्कृती होती, जी त्याच मुलाला सांगत होती की तू माणसात मोजला जात नाहीस.

साताऱ्याच्या शाळेत बसायला घरचं गोणपाट न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. शाळेच्या शिपायाला त्याला हातसुद्धा लागू द्यायचा नाही. तहान लागली तर शिपाई वरून पाणी ओतणार तेव्हा प्यायचं. शिपाई नसला तर तसंच तहानलेलं बसायचं. न्हावी केस कापत नसे म्हणून बहीणच भावाचे केस कापायची.

१९०१ सालचा प्रसंग तर सर्वांना माहीत आहे. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला कामावर होते. भाऊ आणि बहिणीची मुलं मिळून ही पोरं नवे कपडे घालून आगगाडीनं मसूर स्टेशनला उतरली. कपडे बघून स्टेशन मास्तर आपुलकीनं बोलला. जात कळल्याबरोबर पाच पावलं मागे सरला. एकही गाडीवान यांना घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, आणि वर अट अशी की गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. रात्री टोल नाक्यावर पाणी मागायचं होतं. गाडीवानानं सल्ला दिला की मुसलमान आहोत म्हणून सांगा. छोट्या भीमानं उर्दूत बोलून तसं सांगितलं. तरीही पाणी मिळालं नाही, आणि डब्यात खायचं असूनही पोरं उपाशी झोपली.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. नऊ-दहा वर्षांच्या त्या मुलाला घोटभर पाण्यासाठी आपली ओळख लपवावी लागली. ही पहिली वेळ. पुढे आणखी एक वेळ आली, ते सांगतोच.

समुद्रापलीकडचा माणूस

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. तेव्हाच्या अस्पृश्य समाजात ही मोठीच गोष्ट होती. सत्कार झाला आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्यांना भेट दिलं. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात पडलेलं ते पुस्तक पुढे एकोणपन्नास वर्षांनी नागपूरच्या मैदानावर फळाला आलं. आपल्याकडे सत्काराला शाल-नारळ देतात. पुस्तक देत जा, बाबांनो!

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बी.ए. झालं, आणि १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे वसतिगृहात सगळ्यांबरोबर एका टेबलावर जेवण, एकाच वर्गात बसणं, ग्रंथालयात रात्र-रात्र वाचन. तिथे कुणी त्यांना पाच पावलं मागे सरून बघत नव्हतं. पुढे आपल्या आठवणी लिहिताना बाबासाहेबांनी नमूद केलं आहे की परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पार पुसली गेली होती. बघा, माणूस तोच, बुद्धी तीच. भोवतालचा समाज बदलला आणि मनातला डाग गेला. म्हणजे डाग त्या माणसात नव्हताच, तो इथल्या रीतीत होता!

याच कोलंबियात तेव्हा फ्रांझ बोआस नावाचे मोठे मानववंशशास्त्रज्ञ शिकवत होते. माणसामाणसांतला फरक वंशामुळे, रक्तामुळे नसून संस्कृतीमुळे असतो, हे ते गोऱ्या जगाला ठासून सांगत होते. त्यांचे शिष्य गोल्डनवायझर यांच्या वर्गात ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातल्या जातींवर आपला निबंध वाचला. त्याचं सार आमच्या भाषेत सांगायचं तर असं की भारतातली माणसं वंशानं केव्हाच एकमेकांत मिसळलेली आहेत, जात ही रक्ताची गोष्ट नाही. जातीत म्हणजे आतल्या आतच लग्न करण्याची सक्ती हा जातीचा कणा आहे. एका वर्गानं आपलं दार लावून घेतलं, आणि बाकीच्यांनी वरच्याचं बघून अनुकरण केलं. अशी ती पसरली. माणसाला पोटातून कुणी जात शिकवून पाठवत नाही, तो बघून-बघून शिकतो. शिकलेली गोष्ट असेल तर ती विसरताही येते. सगळ्या चळवळीचं बीज आम्हाला तरी या निबंधात दिसतं.

दुसरी वेळ आली ती परत आल्यावर. १९१७ साली बडोद्यात नोकरीवर हजर झाले. कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकायचे. राहायला जागा कुणी देईना. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली दहा-बारा माणसं दारात उभी राहिली. सामान उचलून सव्वीस वर्षांचा तो उच्चशिक्षित माणूस कमाठी बागेत झाडाखाली येऊन बसला आणि रडला. चार वर्षांत पुसलेली जाणीव अकरा दिवसांत परत आली. एकट्यानं शिकून, एकट्यानं नाव लपवून सुटका नाही, सगळा समाजच बदलला पाहिजे, हा धडा त्या बागेत मिळाला असं आम्ही समजतो.

वतनाची भाकरी आणि मनाची भूक

१९२० साली ‘मूकनायक’, १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा. त्याआधी डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी. हे तपशील सर्वांना माहीत आहेत म्हणून पुढे जातो. आम्हाला थांबावंसं वाटतं ते महार वतनापाशी.

आजच्या पोरांना वतन म्हणजे काय ते ठाऊक नाही. गावकीची सगळी कामं, सांगावा नेणं, वेसकरपण, मेलेलं गुरं ओढणं, सरकारी माणसांच्या पुढे पळणं, दिवस-रात्र करायची. मोबदल्यात जमिनीचा तुकडा, बलुतं आणि दारोदार मागितलेली भाकरी. वरून जोहार घालायचा. आमच्या बापजाद्यांना हा आपला हक्क वाटायचा! वतन गेलं तर आपलं कसं होणार म्हणून माणसं घाबरायची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल मांडलं तेव्हा त्यांचा मुद्दा नुसता मजुरीचा नव्हता. या शिळ्या तुकड्यापायी आपल्या माणसाची महत्त्वाकांक्षाच मेली, गाव सोडून काही करावं अशी इच्छाच उरली नाही, हे त्यांचं दुखणं होतं. पोटाची भूक सगळ्यांना दिसते. मनाची भूक मारली गेलेली त्यांनी पाहिली. ते वतन कायद्यानं नष्ट व्हायला १९५८ साल उजाडलं. तोवर बाबासाहेब राहिले नव्हते.

आणि या मेलेल्या इच्छेवर झाकण होतं ते कर्मसिद्धान्ताचं. मागच्या जन्मी पाप केलं म्हणून या जन्मी हा जन्म, आता निमूट सेवा करा, पुढचा जन्म बरा मिळेल. चोखोबांसारखा थोर संतसुद्धा या विचारातून पुरता सुटला नाही. गुलामाच्या पायात बेडी घालावी लागते, पण ज्याला बेडी हाच आपला दागिना वाटतो त्याला पहारेकरीसुद्धा लागत नाही.

पाणी आणि लुगडं

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद झाली. कौन्सिलचा १९२३ चा ठराव होता, महाड नगरपालिकेनं तळं खुलंही केलं होतं. कागदावर हक्क होता, पण पाय उचलत नव्हता. का? कायद्यानं परवानगी दिली तरी मन परवानगी देत नव्हतं. बाबासाहेब पुढे झाले, ओंजळभर पाणी प्याले, आणि मागून हजारो माणसं प्याली. नंतर मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरण झालं. पण हजारो वर्षांची भीती त्या ओंजळीत विरघळली. त्याच परिषदेत मेलेल्या गुरांचं मांस सोडा, उष्टं मागणं सोडा, असंही सांगितलं गेलं.

त्याच साली २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचं दहन झालं. हे सगळे सांगतात. त्या परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले, हे कमी सांगितलं जातं. तेव्हा आपल्या बायकांनी लुगडं गुडघ्यापर्यंतच नेसायचं, जाडजूड हलक्या धातूचे दागिने घालायचे, अशी रीत होती. लांबून बघून जात ओळखू यावी. बाबासाहेबांनी सांगितलं की ही ओळख अंगावरून उतरवा, घोट्यापर्यंत लुगडं नेसा, मुलींना शिकवा. परिषदेवरून माघारी जाताना बायकांनी लुगडं नेसायची पद्धत बदललेली होती. कुणाला वाटेल, लुगड्यात काय एवढं? पण आरशात आपण स्वतःला कसं बघतो तिथूनच आपण जगाकडे कसं बघतो ते ठरतं. आमच्या माता-भगिनींना हे पुस्तकाशिवाय कळलं होतं.

गिरणीतला धोटा

हे आमच्या धंद्यातलं म्हणून थोडं सविस्तर सांगतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली माणसं भरपूर होती, पण साचाखात्यात, म्हणजे विणकामात, त्यांना मज्जाव. पगार तिथेच जास्त. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढून काढावा लागे. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्यानं कसा तोंडाला लावायचा? लाल बावटा खांद्यावर घेणारा कामगारसुद्धा इथे जात आठवायचा. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना रोखठोक विचारलं आणि सर्व खात्यांत काम मिळण्याचा आमचा हक्क मागण्यांत घाला असा आग्रह धरला. यंत्र विलायतेचं आलं, वाफ आली, वीज आली, पण माणूस मनातली गावकी घेऊनच गिरणीच्या गेटातून आत शिरला. कारखाना आला म्हणजे जात आपोआप जाईल असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

म्हणूनच १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी सांगितलं की कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारविरोधी बिलाच्या विरोधात कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संपही केला. पुढे १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री होते. त्या काळात कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याची दुरुस्ती त्यांनी मांडली. आज आपण आठ तासांची पाळी म्हणतो तेव्हा कुठल्याही जातीच्या कामगारानं हे विसरू नये.

देहूरोडची मूर्ती

काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला. देवळाचं दार काही उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. लगेच दुसरा धर्म घेतला का? नाही! एकवीस वर्षं अभ्यास केला. जात ही विटांची भिंत नव्हे, ती मनाची एक अवस्था आहे, हे त्यांनी १९३६ सालीच लिहून ठेवलं होतं. भिंत कुदळीनं पडते, मनाची अवस्था बदलायला दुसरं मन घडवावं लागतं. त्यासाठी असा धम्म हवा होता जो आत्मा, नशीब, मागचा जन्म यांच्यावर बोट न ठेवता मनालाच केंद्र मानतो. बुद्धानं सांगितलं की न बदलणारा असा कोणी ‘मी’ नाहीच. मन घडतं, म्हणून ते बिघडतं, आणि म्हणूनच सुधारतंही. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात कर्माचा अर्थही याच जन्मातल्या कृतीशी जोडला. आजोबांच्या कपाळावरचं कर्म नातवाच्या हातात दिलं.

आणि इथे आपल्या भागाचा मान येतो. २५ डिसेंबर १९५४ रोजी, म्हणजे मनुस्मृती दहनाला बरोबर सत्तावीस वर्षं झाली त्या दिवशी, आपल्या देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. मूर्ती रंगूनहून आणलेली. दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी! हजारो माणसं आली होती. पंढरीचा विठोबा म्हणजे मुळात बुद्धच, असं आपलं मत त्यांनी त्या दिवशी मांडलं, आणि तेही देहूच्या शेजारी. त्याच १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनी स्थापन झाली. पुढे एमआयडीसी आली, ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-नगरकडून आपली माणसं आली. कारखान्यानं हाताला काम दिलं, आणि विहारानं हे काम करणारा माणूस कोण आहे ते सांगितलं. दोन्ही पाहिजेत.

आणखी एक योगायोग वाचनात आला. त्याच वर्षी १७ मे रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्या निकालात केनेथ क्लार्क यांच्या अभ्यासाचा दाखला आहे. क्लार्क नवरा-बायकोनं काळ्या लेकरांपुढे काळी आणि गोरी बाहुली ठेवली होती, आणि बऱ्याच लेकरांनी गोरीच चांगली म्हणून दाखवली. वाचताना आमच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आपलीच गोष्ट होती. आपल्या घरात मुलांची नावं कचरू, धोंड्या, दगडू ठेवत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात भदंत चंद्रमणींच्या हस्ते बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि त्यानंतर त्याच घरांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, गौतमी जन्मले. जोहार गेला, जयभीम आला. अवघ्या त्रेपन्न दिवसांनी, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. पण लहानपणी टोल नाक्यावर आणि तरुणपणी बडोद्यात ज्यांना नाव लपवावं लागलं, त्यांनी शेवटी भर मैदानात, लाखोंच्या साक्षीनं, आपलं आणि आपलं नव्हे तर सगळ्यांचं नाव बदलून दाखवलं.

आणि आपण?

आता थोडं कडू बोलतो, राग मानू नका. वस्तीतला एक पोरगा चाकणला कंत्राटावर कामाला जातो. भीमगीताची रिंगटोन आहे त्याची. गेट जवळ आलं की तो मोबाईल मुका करतो. आम्ही विचारलं, का रे? खाली मान घालून हसला. आम्हाला आधी राग आला. मग बडोद्याची धर्मशाळा आठवली. पोरा, तुझी लाज वाटून घेऊ नकोस. बाबासाहेबांनाही सव्वीसाव्या वर्षी नाव लपवावं लागलं होतं. पण ते तिथे थांबले नाहीत, तूही थांबू नकोस. आणि आम्ही मोठ्या माणसांनी त्याला एकटं पाडू नये.

दुसरं आमच्याच घरचं. थोरल्या मुलीचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, बौद्ध. आणि आमच्याच तोंडून निघालं, पोटजात कोणती? मुलीनं आमच्याकडे नुसतं बघितलं. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर टांगलेल्या होत्या. १९१६ सालच्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचा कणा म्हणून ज्या गोष्टीवर बोट ठेवलं, ती आमच्या जिभेवर जिवंत होती. आम्ही तो निबंध दोनदा वाचलेला! तेव्हा वाचणं वेगळं आणि मन बदलणं वेगळं, हे आम्ही स्वतःवरून सांगतो. लग्न झालं, मुलगी सुखात आहे. पण तो प्रश्न विचारल्याची बोच गेलेली नाही, आणि जाऊही नये.

तिसरं, बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडून नवस बोलल्यासारखं मागणारी माणसं आपल्यात वाढत आहेत. घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात त्यांनी व्यक्तिपूजेपासून सावध केलं होतं. ज्यानं मागण्याची सवय मोडली त्याच्यापुढेच मागत बसलो तर वतनाची भाकरी परत आली असं समजा.

विहार म्हणजे मन घडवण्याची जागा. दर रविवारी इथे वंदना होते, त्यानंतर अर्धा तास मुलांनी वाचावं आणि मोठ्यांनी ऐकावं. वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर पोटजातीचा रकाना नसावा. आणि दहावी-बारावीच्या सत्कारात प्रत्येक मुला-मुलीच्या हातात एक पुस्तक पडावं. कुणी सांगावं, एकोणपन्नास वर्षांनी ते कुठे उगवेल! एवढीच आमची सूचना, लहान तोंडी मोठा घास.

नमो बुद्धाय! जयभीम!